सात नग

३ मार्च, मंगळवार

"जगात अजून भली माणसं आहेत!" — दादा, जेवायला बसता बसता.

दादा असं म्हणाला की कुणीतरी त्याला गंडवलेलं असतं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

दुकानाच्या फोनवर मेसेज आलाय म्हणे. माणूस अनोळखी. आपण जुना फोन देऊन नवा घेतला ना, त्या जुन्यातले फोटो त्याच्या हाती लागलेत. नगांचे.

नग म्हणजे आमचा माल. खुर्ची, कोच, स्टूल. जुना सांगाडा येतो, आम्ही त्याला स्प्रिंगा, फोम, कापड चढवतो, आणि तो पुन्हा बसण्याजोगा झाला की त्याला नग म्हणायचं. दादा ठोकतो, वहिनी शिवते, मी कापते आणि ताणते. झालेल्या नगाचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवायचा, तेही माझंच काम.

वहिनी म्हणाली, वाचा बघू. दादाने चष्मा लावला आणि बातम्या द्याव्यात तसं वाचलं:

"तुमचे सात नग फोटो माझेकडे आहे. पैसे पाठवा नाहीतर सगळे गिराईकला पाठवेल."

"भाषा कच्ची आहे," दादा म्हणाला, "पण मन बघ! पैसे द्या, नाहीतर मीच गिऱ्हाइकांना पाठवतो. दोन पर्याय दिलेत. मी म्हटलं, दुसरा बरा. फुकटात जाहिरात!"

"म्हटलं म्हणजे?" — मी.

"लिहिलं. जरूर पाठवा. आभारी आहे."

मी पाणी प्याले. मग वहिनीचं पाणी प्याले.

तो माणूस नग म्हणत नाहीये. त्याला पुढचं जोडाक्षर टाइप करता आलेलं नाही. माझी अब्रू एका जोडाक्षरावर लटकली आहे!

४ मार्च, बुधवार

लिहून टाकते. इथे तरी.

गेल्या महिन्यात दादा-वहिनी दोन दिवस परगावी गेले. दुकानात मी एकटी. न्यायाधीशबाईंचा कोच नुकताच पुरा झाला होता. बाई निवृत्त आहेत, पण सगळे अजून तेच म्हणतात. त्यांच्या घराचं रंगकाम संपत नाही म्हणून कोच अजून आमच्याकडेच. गर्द हिरवी मखमल, पाठीला बटणांच्या ओळी. मी केलेल्या कामात इतकं चांगलं काम नाही. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आलं आणि मखमल आतून पेटल्यासारखी दिसायला लागली. फोटो काढला. रिकाम्या कोचाचा. काहीतरी राहिल्यासारखं वाटलं.

तीस वर्षं मी पाठी बनवते आहे. खुर्चीची पाठ, कोचाची पाठ. कुठे फुगीर हवी, कुठे दबलेली, डोळे मिटून हात फिरवला तरी सांगेन. आणि माझी स्वतःची पाठ मी कधी पाहिलेली नाही. बावन्न वर्षांत! आरशासमोर वळलं की पाठही वळून जाते.

दार लावलं. दुकानाचा फोन फोमच्या ढिगाला टेकवला, टायमर लावला, कपडे काढले आणि कोचावर पाठमोरी बसले. सात फोटो. पहिल्या दोनांत मी अजून पळतेच आहे.

चांगली आहे पाठ. खोटं का लिहू? कमरेपाशी छान आत गेलेली, जशी मी उत्तम खुर्चीला देते तशी. दोन दिवस खूश होते. मग पुसून टाकले.

पुसलेले फोटो फोनमध्येच एका कचरापेटीत पडून राहतात हे मला कुणी सांगितलं नाही. फोन बदलताना दादा त्या मोबाइलवाल्याला बजावून म्हणाला होता, "सगळं साफ करून घ्या हं." त्याने फडकं घेतलं आणि काच पुसून दाखवली.

चेहरा एकाही फोटोत नाही. पण कोच आहे! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने तो कोच पाहिलाय, हात लावून पाहिलाय. तसा दुसरा या भागात नाही. आणि दुकानात बायका दोन. त्यातली वहिनी एका फोटोत मावणार नाही.

५ मार्च, गुरुवार

गिऱ्हाइकांचं मला एवढं नाही. बोलतील, हसतील, आणि स्प्रिंग तुटली की परत येतील. न्यायाधीशबाईंचं थोडं आहे. खरं भय दादाचं.

दादा टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी पाणी प्यायला उठतो. वहिनीच्या ब्लाउजांना ‘ते वरचे कपडे’ म्हणतो, बाकीच्यांना काहीच म्हणत नाही. उघड्या दारावरसुद्धा टकटक करतो. आई-अण्णांच्या मागे त्याने मला वाढवलं, वेणी घालायला शिकला, शाळेत पोचवलं, आणि मी मोठी झाल्याचं त्याच्या लक्षात आलं त्या दिवशी वहिनीला म्हणाला, यापुढचं तू बघ.

कोचावर कापड चढवताना आम्ही दोघं समोरासमोर बसतो, एकेक टोक धरून. त्याने ते फोटो पाहिले तर तसं बसणं संपलं. तो बोलणार काहीच नाही. फक्त दुसरीकडे बघेल. आणि जन्मभर तिकडेच बघत राहील.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझ्या त्या भल्या माणसाचं काय?"

"हट्टी आहे," दादा म्हणाला. "तेच ते सात नग घेऊन बसलाय. म्हटलं, मला त्यात रस नाही, त्या अकरा खुर्च्यांचे पाठव. शाळेच्या ऑफिसच्या. त्यांचे फोटो जायला नको होते."

"मग?"

"खुर्चीचे पैसे नाही म्हणतो. म्हटलं, नाहीत ना? मग फुकट दे."

देव करो आणि दादाचं भोळेपण असंच टिको!

दुपारी फोन मागितला. म्हटलं, स्टुलाचा फोटो काढते. तर, "राहू दे, मी काढतो." इतक्या वर्षांत त्याने कधी काढलेला नाही. तीन फोटो काढले. तिन्हींत अंगठा. नव्या फोनचं कौतुक, दुसरं काय. शर्टाच्या खिशातून बाहेरच काढत नाही.

६ मार्च, शुक्रवार

दुपारी दादा बाकावर आडवा झाला की डुलकी लागते. फोन खिशात, खिशावर हात. हात जरा सरकला तशी मी दोन बोटं आत घातली.

"धाकटे, काय गं?" — डोळे न उघडता.

"खिसा उसवलाय वाटतं."

"मग शीव."

उठून शर्ट काढून दिला. फोन हातात धरून पुन्हा आडवा झाला. धड असलेला खिसा मी वरून शिवून काढला. दुहेरी टाके घातले. आता फोन आणखीच घट्ट बसतो.

७ मार्च, शनिवार

पैसे देऊन टाकावेत आणि सुटावं?

नंबर शोधावा लागला नाही. पहिल्याच दिवशी दादाने तो दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलाय, फोमवाल्याच्या नंबराखाली. समोर नाव: ‘भला माणूस’.

माझ्या फोनवरून मेसेज लिहायला बसले. सुरुवातच जमेना. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं, त्यातलं सप्रेम पुसलं. ‘आपल्याकडील फोटोंसंदर्भात’ लिहिलं. हे तर गॅसवाल्याला लिहितात. सगळं पुसलं. पुन्हा ‘नमस्कार’ लिहिलं, आणि पुढे काय याचा विचार करताना बोट लागलं. गेला!

लगेच उलट: "कोण"

मी: "राँग नंबर."

तो: "तुमी मला केला"

ते खरं होतं.

तो: "तुमी खुरचीवाले काकाचे कोण"

फोन बंद केला आणि फोमच्या ढिगात खुपसला. मग तो शोधायला अर्धा ढीग उपसावा लागला. दादा म्हणाला, "काय हरवलं?" मी म्हटलं, कात्री. कात्री माझ्या हातात होती.

एकटीला झेपणारं नाही हे. उद्या वहिनी.

८ मार्च, रविवार

शिलाईचं यंत्र चालू असताना सांगितलं, म्हणजे निम्मं तरी ऐकू जाणार नाही. तिने यंत्र थांबवलं.

"परत. आणि सावकाश."

सांगितलं. ती खुर्ची ओढून जवळ आली.

"कोण आहे तो?"

"धमकीवाला? माहीत नाही."

"तो नव्हे गं. ज्याच्यासाठी काढलेस."

"कुणासाठी नाही."

"बरं, नाव नको सांगू. करतो काय, तेवढं सांग."

"वहिनी, कुणीही नाही! मला माझी पाठ बघायची होती."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्या ताटातलं उचललं. "म्हणजे एवढं सगळं केलंस आणि माणूसच नाही? निदान बदनामीच्या बदल्यात काहीतरी!"

मी म्हटलं, सॉरी.

"बसली कशावर होतीस?"

इथे माझी नजर घसरली. तिने मान वळवली. शेजारीच तो कोच उभा. हिरवा. प्लास्टिकच्या कागदाखाली.

"न्यायाधीशबाईंच्या? वन्सं!" — वन्सं ती फक्त संतापली की म्हणते. "काही अंथरलं होतंत?"

"चादर."

"मग मखमल दिसणार नाही. हायसं वाटलं."

"चादर नंतर काढली."

"का?"

"रंग जुळत नव्हता."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते आहे. खांदे हलायला लागले, मग आवाज फुटला, मग ती कापडाच्या ढिगावर पडून हसायला लागली. "रंग जुळत नव्हता! अगं, नागव्याला कुठला रंग जुळत नव्हता?" मीही हसले. मधेच रडले. तिने ओढून घेतलं आणि तिच्या खांद्याला अडकवलेल्या सुया मला टोचल्या.

डोळे पुसल्यावर एकदम कामाला लागली. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिलेस की तो दर महिन्याला पाहुणा. पोलिसांकडे जायचं, दोघी जायचं. आणि: "यांना कळू द्यायचं नाही. खचून जातील. उद्या आंघोळीला गेले की फोन बघू."

आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

९ मार्च, सोमवार

दादा आंघोळीला. आत गाणं सुरू झालं तसा वहिनीने उशाखालून फोन काढला. दार लावून दोघींनी सगळा संवाद वाचला. उतरवून ठेवते, कारण असं पुन्हा वाचायला मिळणार नाही.

तो: काका मजाक नाही. सगळे बघेल.

दादा: बघू द्या की. खुर्च्यांचे कधी पाठवता?

तो: खुरची नाही!! नग नग नग

दादा: खुर्ची हाही नगच.

तो: बाई आहे बाई

(इथे वहिनीने माझं मनगट धरलं.)

दादा: बाई घरी नाहीत. जे काय असेल ते माझ्याशी बोला.

वहिनीने उशी तोंडात कोंबली. त्या माणसाने सांगितलं, ‘बाई आहे’. दादाने ऐकलं, बाई आहेत का!

तो: तुमाला समजत नाही काय

दादा: समजतं. अकरा खुर्च्या. तपकिरी रेक्झीन. हात नसलेल्या.

तो: मी खूप वाईट माणूस आहे

दादा: असं म्हणू नये. मनात आणलंत तर पाठवाल.

आणि त्यानंतर — त्याने पाठवल्यात! अकरा खुर्च्या. एकेक करून, ओळीने. जुन्या फोनमधून शोधून काढल्या असणार बिचाऱ्याने.

दादा: पोचल्या. सातवीची पाठ अस्पष्ट आहे. परत पाठवा.

तो: काका बस आता

पण पुढे सातवी परत पाठवलेली आहे! आधीपेक्षा खरंच स्पष्ट.

वहिनीने त्याचं नाव नगशेठ ठेवलं. सगळ्या मेसेजचे फोटो मी माझ्या फोनवर काढून घेतले. माझे सात त्यात कुठेच नाहीत. त्याने दादाला पाठवलेच नाहीत! दादाने खुर्च्यांचा एवढा धोशा लावला की त्याला फुरसतच मिळाली नाही. माझा भाऊ भोळा आहे म्हणून मी वाचले.

आत पाणी थांबलं. फोन उशाखाली. दादा बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी पलंगाची चादर झटकत होतो. चार हातांनी, एकच चादर, नको तेवढी.

१० मार्च, मंगळवार

धागा आणायला जातो म्हणून निघालो. पोलीस ठाणं.

ऑनलाइन तक्रारी वरच्या मजल्यावर. टेबलामागे एक मुलगी, म्हणजे अधिकारीच, पण वहिनीची मुलगी शोभेल एवढी. नाक सर्दीने लाल. मी बोलायच्या आधी वहिनी म्हणाली, "पाठच आहे हो नुसती."

"कुणाची?"

"हिची."

मग मी सांगितलं. ती लिहीत गेली. कुठे थांबली नाही, कुठे भुवई उचलली नाही. एकदाच विचारलं, फोटो कुणाला पाठवले होते का? म्हटलं, नाही. मित्र वगैरे? म्हटलं, नाही. वहिनीने सुस्कारा सोडला.

"फोटो किती?"

"सात नग," मी म्हटलं. जीभच तशी वळलेली!

तिने मेसेज पाहायला घेतले. "हा नग काय प्रकार आहे?" वहिनीने समजावलं. अधिकारीबाईंनी रुमाल नाकाला लावला. ‘बाई घरी नाहीत’ला पोचल्या तेव्हा तो रुमाल डोळ्यांना लावला. शेजारच्या टेबलावरचे हवालदार उठून आले. तिने त्यांना हाताने परत पाठवलं, फोन पालथा ठेवला. बरं वाटलं मला ते.

"भाषा कच्ची असली तरी गुन्हा पक्का आहे," ती म्हणाली. मग सांगितलं ते असं: पैसे द्यायचे नाहीत. उत्तर द्यायचं नाही, नमस्कारसुद्धा नाही. काही पुसायचं नाही. फोटो कुठे टाकलेच तर काढायला लावता येतात, त्याचीही सोय आहे. मोबाइलवाल्याकडे ती माणूस पाठवेल. "तो फोटो पाठवेल का?" मी विचारलं. "पाठवेलही. खोटा दिलासा देत नाही. पण लपवायचं तुम्ही नाही, त्याने आहे. एवढं लक्षात ठेवा."

मग म्हणाली, "घरी कुणाला माहीत आहे?"

"हिला. बस्स."

"आणि या काकांना?"

"त्याला काहीच कळलेलं नाही."

तिने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली.

ठाण्यातल्या सगळ्या खुर्च्यांच्या बैठका बसल्यात. निघताना वहिनीने दुकानाचं कार्ड टेबलावर ठेवलं. परतल्यावर दादाने विचारलं, धागा कुठाय? धागा राहिलाच!

११ मार्च, बुधवार

शांत.

१२ मार्च, गुरुवार

आंघोळीच्या वेळात वहिनी दुकानाच्या फोनवर नगशेठला ब्लॉक करायला गेली. तर तो आधीच ब्लॉक केलेला! दादाने. खुर्च्या मिळाल्या, काम संपलं. व्यवहारात इतका कोरडा असेल असं वाटलं नव्हतं.

भिंतीवरचा ‘भला माणूस’ही खोडलाय.

१३ मार्च, शुक्रवार

आता माझ्या फोनवर. नवा नंबर. माझा तो एक नमस्कार मला भोवला.

"मंगळवार शेवट. पैसे नाहीतर पहिला जज बाई. नंतर सगळे."

‘जज’ व्यवस्थित लिहिलंय. जोडाक्षर नाही ना त्यात.

उत्तर दिलं नाही. मेसेज अधिकारीबाईंना पाठवला. त्यांनी कळवलं, छान, असंच करा, मोबाइलवाल्याच्या एका माणसाची चौकशी चालू आहे. छान कसलं!

दादा समोर बसून फोम कापत होता. "धाकटे, रंग उतरलाय तुझा." म्हटलं, ऊन लागलं. बाहेर ढग होते. तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसला.

१४ मार्च, शनिवार

न्यायाधीशबाईंचा फोन. रंगकाम संपलं. कोच मंगळवारी पाठवा.

मंगळवारी! म्हणजे कोच बाईंच्या दिवाणखान्यात आणि त्याच दिवशी फोटो बाईंच्या हातात. जन्मभर पुरावे तपासलेली बाई. चष्मा लावून एकदा फोटोकडे बघेल, एकदा कोचाकडे, बटणं मोजेल. आणि मग दुकानाला फोन करेल. आणि तो फोन दादा उचलेल.

वहिनीला म्हटलं, मी दादाला आधीच सांगून टाकते. ती म्हणाली, शब्द कुठले वापरणार आहेस? इथे गाडी अडली. दोघींनी मिळून एकही शब्द सापडला नाही जो दादासमोर उच्चारता येईल.

१५ मार्च, रविवार

तालीम केली. वहिनी दादा झाली, पेन्सिल कानावर लावून.

मी: "दादा, मी एक फोटो काढला होता."

वहिनी: "अंगठा आला का मधे?"

पुढे जमलं नाही. हसूनच पोट दुखलं. मग वहिनी एकदम गंभीर झाली आणि म्हणाली, "काही झालं तरी तू याच घरात, याच ताटावर. ते दुसरीकडे बघायला लागले तर मी त्यांची मान धरून फिरवीन."

१६ मार्च, सोमवार

सांगायचंच ठरवून गेले. दादा कोचापाशी उभा होता. कागद बाजूला करून मखमलीवर हात फिरवत. मला बघून म्हणाला, "इतकं चांगलं काम आपल्या हातून पुन्हा व्हायचं नाही."

मी म्हटलं, हो.

तेवढंच म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी वहिनीबरोबर दुकानात गेले तर दार उघडं. दादा आमच्या कितीतरी आधी येऊन बसलेला. हिरवी मखमल जमिनीवर, उसवून, बारीक तुकडे करून. बटणं एका वाटीत. कोच उघडा, नुसता सांगाडा आणि फोम. शेजारी साधं करडं कापड.

"बाईंना फोन केलाय," तो म्हणाला. "म्हटलं, मखमलीत दोष निघाला. करडा चालेल म्हणाल्या. बिनबटणांचा."

मखमलीत दोष नव्हता. मीच ताणलेली ती. आणि फोटो काढले, याच कोचावर काढले, यातलं काहीच मी त्याला सांगितलेलं नाही. वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. तिनेही नाही.

दादाने मूठभर चुका तोंडात टाकल्या. ते बारीक खिळे ठोकताना तो ओठांतच धरतो, म्हणजे बोलण्याचा प्रश्न मिटला. करड्या कापडाचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. मी समोर बसले, धरलं, ताणलं. तो ठोकत गेला. ओठांतल्या संपल्या तेव्हा थांबला, मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"चुका दे."

मी डबा दिला.